विविधतेचे दिनविशेष: बारा महिन्यांचे नियोजन कसे करावे?

सहावीची_वर्गशिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. येत्या शैक्षणिक वर्षापासून आमच्या शाळेत दर महिन्याला विविधता आणि समावेशन यांच्याशी निगडित एक दिनविशेष पाळायचा असे ठरले आहे आणि त्याचे वार्षिक नियोजन माझ्याकडे आले आहे. तारखांना तोटा नाही. संयुक्त राष्ट्रसंघाची यादी उघडली की ४ जानेवारीचा ब्रेल दिन, २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन, ८ मार्चचा महिला दिन, २ एप्रिलचा स्वमग्नता जागृती दिन, २१ मेचा सांस्कृतिक विविधता दिन, २० जूनचा निर्वासित दिन, १८ जुलैचा नेल्सन मंडेला दिन, ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, २३ सप्टेंबरचा सांकेतिक भाषा दिन, ११ ऑक्टोबरचा बालिका दिन, १६ नोव्हेंबरचा सहिष्णुता दिन आणि ३ डिसेंबरचा अपंग व्यक्तींचा दिन अशी बारा महिन्यांची माळ आपोआप तयार होते. मी ती अर्ध्या तासात कागदावर उतरवली, तक्ता आखला, प्रत्येक महिन्यापुढे जबाबदार शिक्षकांची नावे लिहिली आणि मग पेन खाली ठेवले, कारण गेल्या वर्षीचा २३ सप्टेंबर आठवला.

माझ्या वर्गात श्रवणयंत्र वापरणारी एक मुलगी आहे. सांकेतिक भाषा दिनाच्या निमित्ताने आम्ही वर्गाकडून एक स्वागतगीत हातांच्या खुणांसह बसवून घेतले होते आणि त्या मुलीला पहिल्या रांगेत मधोमध उभे करावे ही सूचना माझीच होती. गीत संपल्यावर तिच्या हाती माइक देऊन "तुला कसे वाटते ते सांग" असेही मीच म्हटले. ती दोन वाक्ये बोलली, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. जिन्यावरून वर्गाकडे परतताना तिने दोन्ही कानांतली यंत्रे काढून गणवेशाच्या खिशात टाकली आणि पुढचे दोन दिवस ती लावलीच नाहीत. विचारल्यावर एवढेच म्हणाली, "आता सगळे कानाकडेच बघतात." तिचे केस त्या यंत्रांवर येत असल्याने तोपर्यंत निम्म्या वर्गाच्या ती लक्षातही आली नव्हती.

तेव्हा ज्या मुलांसाठी म्हणून आपण दिवस पाळतो, त्यांनाच त्या दिवशी प्रदर्शनात मांडल्यासारखे होऊ नये यासाठी नियोजनातच काय करता येईल, हे मला जाणून घ्यायचे आहे. बाराही महिने भरलेच पाहिजेत का, तारखा निवडताना कोणती कसोटी लावावी आणि फलक उतरवल्यानंतर वर्गात काय शिल्लक राहावे, याबद्दलही अनुभवी मंडळींनी लिहावे. मुख्याध्यापिका समजूतदार आहेत, मात्र त्यांना तक्ता हवा आहे.

विशेष_शिक्षक

बाई, आपण ही घटना आडपडदा न ठेवता लिहिलीत हे बरे केलेत, कारण अशी चूक आम्हा विशेष शिक्षकांच्या हातूनही होते आणि आम्ही ती सहसा कोणाला सांगत नाही.

आधी त्या दिवसाबद्दल. २३ सप्टेंबर ही तारीख निवडली गेली, कारण कर्णबधिरांच्या जागतिक महासंघाची स्थापना १९५१ मध्ये रोम येथे याच तारखेला झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने हा ठराव २०१७ मध्ये केला आणि २०१८ पासून दिवस पाळला जाऊ लागला. याचा अर्थ हा दिवस एका भाषिक समूहाचा आहे. ऐकू कमी येणे हा त्याचा विषयच नाही. आपल्या वर्गातली मुलगी यंत्राच्या साहाय्याने ऐकते आणि बोलते, म्हणजे बहुधा सांकेतिक भाषा तिलाही तितकीच परकी असावी जितकी तिच्या वर्गमित्रांना. दुसऱ्याच समूहाच्या दिवशी तिला प्रतिनिधी म्हणून उभे केले गेले. त्यात आणखी एक मेख अशी की सांकेतिक भाषा एक नाही, अनेक आहेत. प्रत्येकीला स्वतःचे व्याकरण आहे आणि इंटरनेटवरच्या चित्रफितीतून उचललेल्या खुणा कोणत्या देशाच्या भाषेतल्या आहेत हे पाहिले नाही, तर आपण मुलांना भलतीच भाषा शिकवून मोकळे होतो. हा दिवस पाळायचाच असेल, तर ती भाषा रोज वापरणाऱ्या प्रौढ कर्णबधिर व्यक्तीला दुभाष्यासह बोलवावे, तिला योग्य मानधन द्यावे आणि तिच्याकडून भाषेचा एक तास घ्यावा. व्यथा सांगायला तिला बोलावू नये. व्याकरण शिकवायला बोलवावे.

यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. वर्गातले मूल हे पाहुणे नव्हे. एखाद्या मुलाला आपण होऊन काही सांगायचे असेल तर त्याला जागा द्यावी, मात्र ती विचारणा एकांतात, पुरेशी आधी आणि "नाही" म्हणणे सोपे जाईल अशा शब्दांत व्हावी. चाळीस मुलांसमोर विचारलेल्या प्रश्नाला मूल "नाही" म्हणू शकत नाही.

समावेशन या शब्दाबद्दलही थोडे लिहितो. स्पेनमधील सालामांका येथे १९९४ मध्ये भरलेल्या जागतिक शिक्षण परिषदेच्या जाहीरनाम्याने सर्वसाधारण शाळांनी सर्व मुलांना सामावून घ्यावे ही दिशा जगापुढे ठेवली आणि २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारातील कलम २४ ने तिला हक्काचे रूप दिले. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१६ मध्ये जे विवेचन केले, त्यात चार अवस्था वेगळ्या काढल्या आहेत: मुलाला शिक्षणातून वगळणे, त्याला वेगळ्या शाळेत ठेवणे, त्याला आहे त्या शाळेत आणून बसवणे आणि त्याच्यासाठी शाळेने स्वतः बदलणे. समावेशन म्हणायचे ते फक्त चौथ्या अवस्थेला. आपली मुलगी सध्या तिसऱ्या अवस्थेत आहे असे मला आपल्या लिखाणावरून वाटते. रागावू नये, बहुतेक शाळा तिथेच आहेत.

३ डिसेंबरला अनेक ठिकाणी मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना चालायला लावतात किंवा चाकांच्या खुर्चीत पाच मिनिटे बसवतात. हे कृपया करू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की अशा नकलेनंतर भाग घेणाऱ्यांमध्ये संकोच, असहायता आणि आपणही अपंग होऊ ही भीती वाढते. ते स्वाभाविकही आहे, कारण पाच मिनिटांत मुलाला फक्त चाचपडणे कळते. पांढरी काठी घेऊन वर्षानुवर्षे सफाईने वावरणाऱ्या माणसाचे कसब त्याला कळत नाही.

त्याऐवजी ४ जानेवारी कसा साधता येतो ते सांगतो. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ मध्ये या तारखेला झाला. लहानपणी वडिलांच्या कार्यशाळेत हत्यार डोळ्याला लागून त्यांची दृष्टी गेली आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी आपली लिपी सिद्ध केली. त्यांच्यापुढे शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची लिपी होती, पण बारा ठिपके बोटाच्या एका स्पर्शात मावत नाहीत. ब्रेल यांनी ते सहावर आणले. मी सातवीत हा विषय गणिताच्या तासाला नेला. सहा जागा, प्रत्येक जागी ठिपका आहे किंवा नाही, तर एकूण आकृत्या किती? मुलांनी आधी बारा सांगितल्या, मग छत्तीस, आणि दोन-दोनच्या जोड्या मांडत वीस मिनिटांनी चौसष्टवर आली. त्यात एक कोरी, म्हणजे कामाच्या त्रेसष्ट. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मग एवढ्यात अक्षरे, अंक, विरामचिन्हे सगळे कसे बसवले?" त्या तासात कोणाची कीव आली नाही, एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीचे कौतुक मात्र झाले.

इतिहासाचा_मास्तर

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण मूळ तक्त्यालाच माझा आक्षेप आहे. बारा महिन्यांना बारा समूह वाटून दिले की प्रत्येक समूहाला वर्षातून एकदा व्यासपीठ मिळते आणि उरलेले अकरा महिने त्याचा विषय निघाला नाही तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. फेब्रुवारी झाला, भाषा झाली, पुढे चला.

महिना पाळण्याच्या प्रथेचा एक जुना, ठळक दाखला अमेरिकेतला आहे आणि त्याचा इतिहास या चर्चेत उपयोगी पडेल. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीचा एक आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी सुरू केला. तो आठवडा निवडण्याचे कारण असे की अब्राहम लिंकन यांचा १२ फेब्रुवारी आणि गुलामगिरीविरोधी कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचा १४ फेब्रुवारी हे जन्मदिन लोक आधीपासूनच पाळत होते. केंट स्टेट विद्यापीठात १९७० मध्ये त्याचा महिना झाला आणि १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये हाच उपक्रम १९८७ पासून ऑक्टोबरमध्ये चालतो. वुडसन यांचा रोख मात्र पहिल्यापासून अभ्यासक्रमाकडे होता. शाळांनी वर्षभर काय शिकवले ते त्या आठवड्यात दाखवावे आणि पुढे हा इतिहास मुख्य इतिहासातच मिसळून जावा, अशी त्यांची धारणा होती. आपण नेमके उलटे करतो: वर्षभर काही शिकवत नाही आणि त्या आठवड्यात सगळे शिकवल्यासारखे दाखवतो.

बहुसांस्कृतिक शिक्षणाचे अभ्यासक जेम्स बँक्स यांनी शाळा हा विषय किती खोलवर नेतात याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर थोर व्यक्ती आणि सणसमारंभ असतात. दुसरीवर चालू अभ्यासक्रमाला एखादा धडा जोडला जातो. तिसरीवर तोच प्रसंग वेगळ्या समूहाच्या नजरेतून पाहायला शिकवून अभ्यासक्रमाची घडणच बदलली जाते आणि चौथीवर विद्यार्थी त्यातून काही निर्णय घेऊन कृती करतात. मासिक दिनविशेष हा जन्मतः पहिल्या पायरीवरचा प्राणी आहे. त्याला वर चढवायचे की तिथेच हार घालून बसवायचे, हे शिक्षकाने ठरवायचे असते.

दुसरा मुद्दा असा की या तारखांपैकी कित्येक मुळात आनंदोत्सवाच्या नाहीत. १९५२ च्या २१ फेब्रुवारीला ढाक्यात बंगाली भाषेच्या मान्यतेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. युनेस्कोने १९९९ मध्ये मातृभाषा दिन म्हणून ती तारीख स्वीकारली, त्यामागे हे रक्त आहे. २१ मार्च हा वांशिक भेदभाव निर्मूलनाचा दिवस, कारण १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीयांवरील पासच्या (सतत जवळ बाळगायच्या ओळखपत्राच्या) सक्तीविरुद्ध निदर्शने करणाऱ्या जमावावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ६९ माणसे मेली. (गंमत म्हणजे याच तारखेला डाउन सिंड्रोम दिनही असतो. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख. एका दिवशी दोन फलक लावायचे ठरले तर भिंत पुरणार नाही.) अशा दिवशी फुगे लावून "आपण सारे एक" असे घोषवाक्य लिहिले की भांडण कशाचे होते, कोणी कोणाला काय नाकारले होते, हे सगळे पुसले जाते. सहावीतल्या मुलाला अन्याय कळतो. त्याला रोज मधल्या सुट्टीत त्याचा थोडाफार अनुभव येत असतो.

माझी सूचना अशी की बारा सोडा आणि चार घ्या. प्रत्येकाला दोन-दोन महिने द्या. निवडताना एकच प्रश्न विचारा: या तारखेमुळे माझ्या पाठ्यपुस्तकातला कोणता घटक मला वेगळ्या रीतीने शिकवावा लागेल? उत्तर सापडले नाही तर ती तारीख आपल्या कामाची नाही, मग ती कितीही उदात्त असो.

सहावीची_वर्गशिक्षिका

दोघांचेही आभार. "वर्गातले मूल हे पाहुणे नव्हे" हे वाक्य मी नियोजनाच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे. सांकेतिक भाषेबद्दलचा तर्क बरोबर निघाला: तिला ती भाषा येत नाही आणि गाण्यातल्या खुणा ती इतरांसोबतच शिकली होती, हे मी तेव्हा लक्षातच घेतले नव्हते.

सर, चार तारखांची सूचना मला पटते, पण हे नियोजन पहिलीपासून सर्व वर्गांना लागू होणार आहे. सहा वर्षांच्या मुलांना शार्पव्हिल कसे सांगायचे? आणि सांगायचे नसेल, तर मूळ कारण पुसल्याचा आपला आक्षेप तिथेही लागू होतो की नाही?

पहिलीच्या_बाई

या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायला बसले. लहान मुलांना मरणाचा आकडा सांगायची गरज नसते, पण भांडण कशाचे होते ते जरूर सांगता येते. मातृभाषा दिनाला मी वर्गात एवढेच म्हणते की काही लोकांना सांगितले गेले, "तुमची आई ज्या भाषेत तुम्हाला हाक मारते ती भाषा इथे चालणार नाही," आणि त्यांनी ते ऐकले नाही. पहिलीतल्या मुलाला हे लगेच समजते, कारण शाळेत आल्यावर "नीट बोल" हे त्यानेही ऐकलेले असते. गोळीबाराची गोष्ट त्याला सातवीत कळेल, तेव्हा ती आधीच्या गोष्टीवर नीट बसेल. क्रमाने सांगितले म्हणजे लपवले असे होत नाही, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष काय करते ते सांगते. त्या दिवशी कार्यक्रम करत नाही, हजेरी बदलते. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक मूल "हजर" हा शब्द आपल्या घरच्या भाषेत किंवा बोलीत म्हणते. पहिल्या दिवशी बहुतेक मुले पुस्तकी शब्दच म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादे धीट मूल घरचा शब्द उच्चारते, वर्ग हसतो, मी तो शब्द फळ्यावर लिहिते आणि स्वतः दोनदा म्हणून बघते. माझा उच्चार चुकतो. ते मूल तो दुरुस्त करते. बाईंची चूक दुरुस्त करायला मिळते हे दिसल्यावर आठवडाभरात अर्ध्या वर्गाचे घरचे शब्द बाहेर येतात. महिना संपतो, पण हजेरी तशीच चालू राहते आणि एप्रिलपर्यंत मुले एकमेकांच्या भाषेत हजेरी देऊ लागतात. यात कोणालाही पुढे बोलावून "हा अमुक भाषेचा" असे सांगावे लागत नाही, कारण प्रत्येकाला एक शब्द द्यायचा असतो, मलाही.

एक मूल मात्र शेवटपर्यंत "हजर"च म्हणत होते. मी विचारले नाही.

मास्तरांच्या चार पायऱ्या वाचल्यावर वाटले की माझी हजेरी कुठल्या पायरीवर बसते कोण जाणे, पण ग्रंथालयाच्या कपाटाचे काम त्याहून मोठे ठरले. चित्रमय पुस्तके मुलांसमोर जमिनीवर पसरून आम्ही ती चाळली आणि गोष्टीतली मुले कशी दिसतात, कोणाच्या घरात राहतात, कोणाला चष्मा आहे, कोणाची आजी गोष्टीत बोलते, असे शोधले. अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांना आरसा आणि खिडकी अशी उपमा दिली होती: काही पुस्तकांत मूल स्वतःला पाहते, काहींतून दुसऱ्याचे जग पाहते. आमच्या कपाटात काही मुलांसाठी नुसते आरसेच होते आणि काहींसाठी नुसत्या खिडक्या. पुढच्या खरेदीची यादी आम्ही त्यावरून केली.

एक_पालक

मी शिक्षक नाही. माझा मुलगा स्वमग्न आहे आणि दहा वर्षांचा आहे. २ एप्रिलच्या दिवसाबद्दल पालकांच्या बाजूने थोडे लिहितो.

तो याआधी ज्या शाळेत होता, तिथे त्या दिवशी सभागृहात मोठा कार्यक्रम झाला होता. निळे फुगे, ध्वनिवर्धकावर गाणी, सगळ्या वर्गांची एकत्र गर्दी आणि नेहमीच्या तासिका रद्द. माझ्या मुलाला गोंगाट सोसत नाही आणि दिनक्रम न सांगता बदलला की तो कोलमडतो. फुगा फुटल्याबरोबर त्याने कान दाबून खुर्चीखाली आसरा घेतला आणि त्याला घरी घेऊन जाण्यासाठी मला दूरध्वनी आला. म्हणजे स्वमग्नतेच्या सन्मानार्थ झालेल्या कार्यक्रमात शाळेतले एकमेव स्वमग्न मूल अनुपस्थित होते. हेतूंबद्दल मला शंका नाही. ती माणसे चांगली होती. पण कार्यक्रम आखताना तो मुलगा त्यात कुठे बसेल, कधी बाहेर जाईल, हे कोणाच्याही मनात आले नव्हते.

सध्याच्या शाळेत एप्रिलमध्ये काहीच समारंभ होत नाही. त्याऐवजी प्रत्येक वर्गाच्या दाराशी त्या दिवसाचा दिनक्रम चित्रांसह लावतात आणि बदल असेल तर आदल्या दिवशी तिथे लाल चौकट काढतात. एका रिकाम्या खोलीत सतरंजी आणि मंद दिवा ठेवला आहे. तिथे कोणत्याही मुलाला दहा मिनिटे बसता येते, कारण विचारले जात नाही. माझा मुलगा तिथे जातोच, पण परीक्षेच्या काळात इतर मुलेही जातात असे बाई सांगत होत्या. अनेक स्वमग्न प्रौढ जागृतीऐवजी स्वीकार हा शब्द वापरा असे सांगतात. मला त्या दोन शब्दांतला फरक लाल चौकटीमुळे कळला.

आपल्या तक्त्यात एक स्तंभ वाढवावा अशी विनंती आहे: "या कार्यक्रमाला कोण येऊ शकणार नाही?" गर्दी, आवाज, पायऱ्या, शाळेनंतरची वेळ, पोशाखाचा खर्च, उपवासाचा काळ, धार्मिक कारणाने गाण्यात भाग न घेणारी मुले, अशी बरीच उत्तरे येतील.

इतिहासाचा_मास्तर

पालकांचा स्तंभ कोणत्याही शासकीय परिपत्रकापेक्षा उपयोगी आहे. पहिलीच्या बाईंच्या हजेरीपुढेही मी हरलो. ती सरळ तिसऱ्या पायरीवर आहे, कारण भाषेचा अधिकार कोणाकडे हे तिने बदलले.

तरीही एक सावधगिरी. नुसत्या सोयी केल्या आणि इतिहास सांगितलाच नाही, तर त्या सोयी मुलांना शाळेची मेहेरबानी वाटतील. हक्क कोणी मागितला, किती वर्षे मागितला, कोणी नाकारला, हे कळल्याशिवाय रॅम्प म्हणजे फक्त सिमेंट.

विशेष_शिक्षक

सर, इथे माझा थोडा मतभेद आहे. रॅम्प वापरणाऱ्या मुलाला तो आज सकाळी हवा असतो. त्याचा इतिहास पुढच्या सत्रात शिकवला तरी चालतो. आधी सोय, मग गोष्ट.

इतिहासाचा_मास्तर

क्रम मान्य. फक्त पुढचे सत्र खरोखर येते का, ते पाहत राहू.

बाईंच्या वर्गासाठी एक पद्धत सुचवतो, ती कोणत्याही तारखेला चालते. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एकत्र आली होती आणि वर्गांत तणाव होता तेव्हा, ती वापरली. पाठाचे पाच-सहा तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा आणि त्याने तो इतरांना शिकवायचा. पूर्ण पाठ कोणाकडेच नसल्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचे ऐकून घ्यावेच लागते. मी निर्वासितांचा घटक असा शिकवतो: १९५१ चा करार एकाकडे, नकाशा दुसऱ्याकडे, प्रवासाला निघताना काय बरोबर घ्यावे याची यादी तिसऱ्याकडे. एरवी गटात ज्याला कोणी विचारत नाही, त्याच्याकडे नकाशा असला की सगळे त्याच्याकडे सरकून बसतात. विविधतेवर भाषण न देता एवढे होते.

सहावीची_वर्गशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. काल नवा तक्ता मुख्याध्यापिकांना दाखवला, त्याचा वृत्तान्त देते.

बाराऐवजी पाच दिनविशेष ठेवले आहेत: जानेवारीत ब्रेल, फेब्रुवारीत मातृभाषा, मार्चमध्ये २१ तारखेचा वांशिक भेदभाव निर्मूलन दिन, जूनमध्ये निर्वासित आणि डिसेंबरमध्ये १० तारखेचा मानवी हक्क दिन. प्रत्येकापुढे आधी ठरवलेल्या कार्यक्रमाचा स्तंभ खोडून तीन नवे स्तंभ आखले: कोणता घटक वेगळा शिकवणार, कोण येऊ शकणार नाही आणि महिना संपल्यावर काय चालू राहणार. मुख्याध्यापिकांनी उरलेले महिने रिकामे कसे ठेवायचे असे विचारले, तेव्हा मी पालकांची फुग्याची हकिकत त्यांना वाचून दाखवली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या की दाराशी लावायचा दिनक्रम एप्रिलपर्यंत कशाला थांबवायचा, सोमवारपासून लावू. सप्टेंबरची तारीख मात्र मी काढली. ती भाषा वापरणारी पाहुणी व्यक्ती आणि दुभाषी मिळेपर्यंत तो दिवस पाळणार नाही.

त्या मुलीशीही बोलले. मधल्या सुट्टीत, ग्रंथालयात, दोघीच. मागच्या वर्षीबद्दल माफी मागितली, तेव्हा ती पुस्तकाच्या कोपऱ्याशी खेळत राहिली. मग तिला विचारले की वर्गात काय बदलले तर तुला बरे पडेल. मला वाटले होते, ती पुढच्या बाकाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "बाई, तुम्ही फळ्यावर लिहिता लिहिता बोलता, तेव्हा मला तुमचे तोंड दिसत नाही." आणि जरा थांबून, "मागच्या बाकावरचे कोणी उत्तर दिले की तुम्ही ते परत म्हणत नाही. मग सगळे का हसले ते मला कळत नाही." गेली दीड वर्षे ती माझ्या वर्गात आहे.

आता आधी लिहिते, मग वळते, मग बोलते. सवय मोडता मोडत नाही. आज दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या बाकावरून तिचे बोट वर आले. मागच्या बाकावरची उत्तरे परत म्हणायचे काम मात्र वर्गाने माझ्याकडून काढून घेतले आहे. मधल्या रांगेतली दोन मुले ती आपणहून पुढे पोहोचवतात, कधी कधी पदरचे दोन शब्द घालून.

जुलैबद्दल अजून ठरत नाही. मंडेला दिनाला ६७ मिनिटे समाजकार्य करावे असा संकेत आहे, पण पाचवी-सहावीच्या मुलांकडून ती मिनिटे नुसती झाडलोट करण्यात जाऊ नयेत असे वाटते. कोणी वर्गात काही करून पाहिले असेल तर जरूर लिहावे.